काटा शून्यावर दिसला म्हणून पंप उतरवू नका

उलव्याच्या एका गाडीमालकांचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०१८ची, भारत स्टेज चारची, सहा सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन (रेल नावाच्या एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं), मागे ट्रेलर. न्हावा शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन पुण्याकडे निघाली की खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत व्यवस्थित चालते. बोरघाट लागला की ओढ जाते, चेक लॅम्प लागतो आणि गाडी एकेक गिअर उतरवत रांगत वर जाते. डिझेल फिल्टर दोनदा बदलून झाले. शेवटी त्यांनी बाजारातून ० ते १० बारचं गेज आणलं आणि टाकीकडून प्रायमरकडे, म्हणजे डिझेल भरायच्या हात पंपाकडे, येणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवलं. इंजिन चालू केलं तरी काटा शून्यावरच, उलट खुंटीला टेकून बसलेला. गॅरेजवाला म्हणाला, "बघा, प्रेशरच नाही, पंप गेलाय." आणि गेज लावल्यापासून सकाळी गाडी स्टार्ट व्हायलाही वेळ घेते. त्यांचे प्रश्न दोन: पंप उतरवायचा का, आणि गेज केबिनमध्ये कायमचं लावायचं तर कसं?

पंप उतरवू नका. निदान या काट्याच्या भरवशावर तर नकोच.

तुम्ही गेज जिथे लावलंय तिथे प्रेशर नसतंच. टाकीपासून फीड पंपाच्या तोंडापर्यंतची सगळी लाईन ही ओढीची लाईन. पंप तिथून डिझेल ओढतो, जसं आपण स्ट्रॉने उसाचा रस ओढतो. स्ट्रॉमध्ये दाब नसतो, पोकळी असते. प्रेशर गेजला पोकळी मोजता येत नाही, म्हणून काटा शून्याच्या खाली जायला बघतो आणि खुंटी त्याला अडवते. काटा खुंटीवर दाबून बसलाय याचा अर्थ तुमचा फीड पंप ओढतोय. ज्या पुराव्यावर पंपाला मेलेला ठरवलं, तोच पुरावा तो जिवंत असल्याचं सांगतोय.

मी कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या आसपास तीसेक वर्षं हेच काम करतोय. कोणी फोनवर "गेज शून्य दाखवतंय" म्हणालं की मी आधी विचारतो, गेज कुठे लावलंय? गेज फक्त त्याच्या पायाखालच्या जागेबद्दल बोलतं. त्याच्या पुढे काय चाललंय आणि मागे काय, हे आपण जुळवायचं असतं.

तेव्हा आधी तुमच्या गाडीतला डिझेलचा रस्ता नळीला हात लावून शोधून काढा. मॅन्युअलमधलं चित्र नंतर बघा, आधी हात. तुमच्या जातीच्या बहुतेक मोठ्या इंजिनांत रस्ता असा असतो: टाकीतली जाळी, तिथून नळी, मग पाणी वेगळं करणारा प्री-फिल्टर (हात पंप बहुतेकदा याच्याच डोक्यावर असतो), मग हाय प्रेशर पंपाच्या पाठीला चिकटलेला गिअरचा फीड पंप, तिथून बाहेर पडून मेन फिल्टर, मेन फिल्टरमधून हाय प्रेशर पंप, मग रेल आणि इंजेक्टर. उरलेलं डिझेल रिटर्नच्या नळीने टाकीत. म्हणजे फीड पंपाच्या अलीकडे ओढ, पलीकडे दाब. पण सगळ्या गाड्यांत असं नसतं. काही लहान कमर्शियल गाड्यांत फीड पंप हाय प्रेशर पंपाच्या पोटातच असतो आणि दोन्ही फिल्टर ओढीच्या बाजूला येतात. तिथे तुम्ही बाहेर कुठेही प्रेशर गेज लावलं तरी काटा हलणार नाही, आणि गाडी मात्र मस्त चालत असेल. म्हणून शेजारच्या गाडीत कुठे लावलंय ते बघून आपल्या गाडीत लावायचं नाही.

पलीकडच्या बाजूला किती दाब हवा? जुन्या लाईन पंपाच्या इंजिनांत, ज्यात कॉम्प्युटर वगैरे काही नाही, फीड पंप १ ते अडीच बारच्या दरम्यान देतो आणि तेवढं पुरतं. कॉमन रेलमध्ये एका इंजिनाला आयडलवर ४-५ बार ठीक, दुसऱ्याला वरच्या आरपीएमला १० बारच्या वर गेलेलं ठीक. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, चहाच्या टपरीवरून नको. त्यामुळे तुमचं १० बारचं गेज इथे तोकडं पडू शकतं, १६ बारचं घ्या. रोजचं रीडिंग गेजच्या मधल्या भागात यावं, अशा हिशेबाने गेज निवडायचं. लाईन पंपाच्या गाडीला १६ बारचं गेज लावलंत तर दीड आणि एक यातला फरक डोळ्याला दिसणारच नाही. आणि तोच फरक शोधायला आपण बसलेलो असतो. गेजवर पीएसआयचे आकडे असतील तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. किलो लिहिलेलं असेल तर किलो आणि बार कामापुरते सारखेच धरा.

ओढीच्या बाजूला व्हॅक्यूम गेज लागतं, किंवा उणे १ पासून अधिक ३ पर्यंतचं दोन्ही दाखवणारं गेज. हे मात्र नक्की घ्या, कारण तुमच्या गाडीचा आजार मला ओढीच्याच बाजूचा वाटतोय. का ते पुढे येईल.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. हाय प्रेशर पंपाच्या पुढे, रेलच्या नळ्यांना, कुठलंही गेज, कुठलाही टी, कुठलाही जुगाड नाही. तिथे १६०० बारपर्यंत दाब जातो, काही इंजिनांत त्याहून जास्त. नखाएवढ्या जागेवर दीड टनाचा भार, असं समजा. जुन्या लाईन पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढायची सवय आपल्या सगळ्यांच्या हातात बसली आहे. कॉमन रेलवर ती सवय जीव घेऊ शकते. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून आलेली डिझेलची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेरून फक्त मुंगी चावल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला सुरुवात होते. असं कोणाला झालं तर हळद लावून बसू नका, त्याच तासात हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना "जास्त दाबाने डिझेल आत गेलंय" हे शब्द वापरून सांगा. ऑपरेशन लागतं. रेलचा दाब बघायचा असेल तर रेलवर कंपनीचा सेन्सर असतोच, स्कॅनर लावला की मागितलेला दाब आणि मिळालेला दाब दोन्ही दिसतात.

तुमचा सध्याचा टी आजच काढा. सकाळची स्टार्टिंगची तक्रार गेज लावल्यानंतर सुरू झाली, हे तुम्हीच लिहिलंय. ओढीच्या लाईनचा हा वाईट गुण आहे की ती गळत नाही. दाबाच्या लाईनला फट पडली तर डिझेल बाहेर येतं, दिसतं, वास येतो. ओढीच्या लाईनला फट पडली तर हवा आत जाते आणि बाहेर सगळं कोरडं ठणठणीत. रात्री गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते, नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं, आणि सकाळी तुम्ही सेल्फ मारत बसता. गेजच्या टी ने तुमच्या लाईनीत दोन-तीन जोड वाढवले, त्यातला एक हवा घेतोय. आणि पैज लावतो, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली असणार.

ती प्लंबरची पांढरी टेप डिझेलच्या कामात वापरू नका. घट्ट करताना तिचे धागे सुटतात आणि नळीत जातात. फिल्टरच्या अलीकडे असेल तर नशीब, फिल्टर अडवेल. मेन फिल्टरच्या पलीकडे असेल तर धागा सरळ हाय प्रेशर पंपाच्या मीटरिंग युनिटमध्ये (डिझेल मोजून सोडणाऱ्या भागात) जाऊन बसतो. मग दोन-पाचशेच्या गेजपायी पंपाचं खोलकाम निघतं. डिझेलच्या जोडाला तांब्याचा नाहीतर रबर बसवलेला वायसर, बस. जोडच असा निवडायचा की टेप लागणार नाही.

गेज कसं बसवायचं ते सांगतो. दाबाच्या बाजूला सगळ्यात चांगली जागा मेन फिल्टरच्या डोक्यावर. बऱ्याच फिल्टर हेडवर हवा काढायचा किंवा टेस्टिंगचा बोल्ट असतो, त्याच्या जागी अडॅप्टर बसतो आणि मूळ नळीला हात लावावा लागत नाही. तो फिल्टरच्या आत जाणाऱ्या बाजूला आहे की बाहेर येणाऱ्या, हे बघून ठेवा, रीडिंगचा अर्थ त्यावर बदलतो. असा बोल्ट नसेल तर बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट, ज्याच्या आतून डिझेल जातं) काढून त्याच्या जागी लांब डबल बँजो बोल्ट घालायचा, म्हणजे एकाच बोल्टवर मूळ नळी आणि गेजची नळी दोन्ही येतात. हा बोल्ट विकत घेताना किंवा लेथवर करून घेताना आतलं भोक मूळ बोल्टाएवढं आहे ना, ते तपासा. वागळे इस्टेटमधून एकाने झकास चकाकणारा बोल्ट करून आणला होता, आतलं भोक निम्मं. गाडी आधी चढावर थकायची, नंतर सपाटीवर थकायला लागली. आट्यांचं मापही अंदाजाने घेऊ नका. १४ मिलिमीटरला दीडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बऱ्याच ठिकाणी सापडतो म्हणून तोच असेल असं नाही. पिच गेजने मोजा. बाजारातल्या गेजचे आटे बहुतेकदा इंची आणि निमुळते असतात, फिल्टर हेडचे मिलिमीटरचे आणि सरळ. दोन आटे जबरदस्तीने बसतात, बसल्यासारखे वाटतात, आणि अॅल्युमिनियमचं फिल्टर हेड चिरतं.

खोलण्याआधी ती जागा डिझेलने आणि ब्रशने धुवा. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे तंतू सुटतात. उघडलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडाला लगेच टोपी. आपल्याकडे तळोज्याच्या रस्त्याला उभ्या गाडीवर अर्ध्या तासात बोटभर धूळ बसते, ती पंपाने खाल्ली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. तांब्याचे वायसर नवे घ्या. जुने लाल करून पाण्यात टाकून पुन्हा वापरणारे आहेत, मीही वापरलेत, पण मापाचा नवा वायसर मिळत असताना ती कसरत कशाला?

गेज किंवा सेन्सर थेट इंजिनावर लटकवू नका. पितळी टी, त्यावर पितळी निपल, त्यावर अर्धा किलोचं गेज, असा झुंबर मी पुष्कळ पाहिलाय. इंजिनाच्या थरथरीने पितळ कधी ना कधी मानेत तुटतं आणि डिझेल गरम टर्बोवर उडतं. डिझेलसाठीचीच छोटी होज घ्या, तिने गेज चेसिसवर पत्र्याच्या पट्टीवर आणा. पाण्याची किंवा हवेची नळी चालत नाही, डिझेलने ती फुगते, मऊ पडते. होज सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, आणि जिथे घासेल तिथे क्लिप.

काट्याची थरथर हा पुढचा प्रश्न येईलच. फीड पंपाचे ठोके गेजमध्ये जातात आणि काटा इतका थरथरतो की रीडिंग कळत नाही, वर महिनाभरात गेजची आतली नळी आणि दाते झिजतात. त्यासाठी गेजच्या तोंडाशी बारीक भोकाचा अडथळा किंवा छोटा नीडल व्हॉल्व्ह लावतात. व्हॉल्व्ह काटा शांत होईपर्यंतच बंद करायचा. पूर्ण बंद केलात तर काटा सुंदर स्थिर राहील आणि काहीच सांगणार नाही. ग्लिसरीन भरलेलं गेज घेतलंत तर उत्तम, फक्त त्याच्या डोक्यावरची रबरी गुडी (बूच) लावल्यानंतर मोकळी करा किंवा तिचं टोक कापा, जशी गेजची बनावट असेल तसं. नाहीतर इंजिनाच्या उष्णतेने केसमध्ये हवा कोंडते आणि काटा खोटं बोलायला लागतो.

आणि गेजचीच परीक्षा आधी घ्या. ही गोष्ट मी ठेच खाऊन शिकलो. उमेदवारीची चार वर्षं संपवून नुकताच स्वतःचं काम करायला लागलो होतो. एका लाईन पंपाच्या गाडीचा फीड पंप मी गेज कमी दाखवतंय म्हणून उतरवला, किट टाकलं, परत बसवला, तरी तेच रीडिंग. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी माझं गेज हवेच्या लाईनला त्यांच्या गेजशेजारी लावलं. माझं गेज पाऊण बार कमी दाखवत होतं. पंप पहिल्यापासून ठीक होता. मालकाकडून मजुरी मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून कोरडं गेज आधी कॉम्प्रेसरच्या हवेवर, भरवशाच्या गेजशेजारी, २, ४, ६, ८ बारला तपासायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता बसवलेलं गेज वाचायचं कसं. आयडलवरचं रीडिंग वहीत लिहून ठेवा, पण त्यावर काही ठरवू नका. उभ्या गाडीत इंजिन डिझेल पितं किती? घोटभर. चोंदलेली जाळीसुद्धा घोटभर देते. चढावर, भरलेल्या कंटेनरने, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर तळाला असताना तीच जाळी हात वर करते. म्हणून टेस्ट लोडवरच घ्यायची. बोरघाटापर्यंत जायचीही गरज नाही, शिळफाट्याकडून मुंब्रा बायपास चढताना भरलेली गाडी बरंच बोलून जाते. गेज लांब होजने वर आणून आरशाच्या दांडीला किंवा पुढच्या काचेला बाहेरून चिकटपट्टीने बांधा. डिझेलची नळी केबिनच्या आत घ्यायची नाही, तात्पुरतीसुद्धा नाही. आणि काटा क्लीनर नाहीतर मिस्त्री वाचेल. ड्रायव्हरने रस्ता बघायचा.

दोन गेज लावा, एक ओढीच्या बाजूला फीड पंपाच्या तोंडाशी, एक दाबाच्या बाजूला. दोन्ही एकत्र वाचले की आजार जवळपास स्वतःच नाव सांगतो. चढावर ओढ वाढत गेली आणि त्याच वेळी दाब पडला, तर पंपाच्या अलीकडे कुठेतरी अडतंय: प्री-फिल्टर, चेपलेली नळी, टाकीतली जाळी, टाकीची हवा. ओढ किती म्हणजे जास्त? मॅन्युअलचा आकडा खरा, पण माझ्या हिशेबात ०.३ बारच्या पुढे काटा गेला की मी टाकीकडे चालायला लागतो. ओढ अगदी कमी, तरी दाबही कमी, तर दोनच शक्यता. एकतर लाईन हवा घेतेय, पंप हवाच ओढतोय म्हणून त्याला जोर लागत नाही. नाहीतर पंप झिजलाय किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उघडा अडकलाय. यातलं कुठलं, हे बघायला पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक डिझेल-नळी टाका. बुडबुडे धावताना दिसले तर हवा, स्वच्छ डिझेल दिसलं तर पंप. मेन फिल्टरच्या आधी दाब चांगला आणि नंतर पडलेला, तर फिल्टर. दाब नेहमीपेक्षा जास्त चढलाय, तर रिटर्नची नळी कुठेतरी दबलीय किंवा चोंदलीय. आणि दोन्ही काटे चढावर शेवटपर्यंत चोख राहिले पण गाडीची ताकद तरीही गेली, तर डिझेलच्या लो प्रेशर बाजूचा पिच्छा सोडा. स्कॅनर लावा, रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब बघा, टर्बोच्या रबरी होजना हात लावून फाटलंय का बघा, एअर फिल्टर बघा. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या सिस्टीमने इंजिनाची ताकद कापलीय का, तेही स्कॅनर सांगेल.

काट्याच्या चालीकडेही लक्ष द्या. बारीक जलद थरथर म्हणजे पंपाचे ठोके, काळजी नाही. सावकाश झोके घेत खालीवर म्हणजे बहुतेक हवा. हळूहळू, मिनिटामिनिटाने उतरणारा काटा म्हणजे कुठेतरी चोंदतंय.

तुमच्या वर्णनात मला खटकलेली गोष्ट अशी, की न्हावा शेवा ते खालापूर गाडी ठीक आणि मग अडचण. लोड सुरुवातीपासून तेवढाच आहे. चढ हे एक कारण झालं, दुसरं कारण वेळ असू शकतं. टाकीच्या झाकणात किंवा वेगळ्या नळीने टाकीला हवा घ्यायची सोय असते. डिझेल जितकं जाईल तितकी हवा आत यायला हवी. ती वाट बंद असेल तर टाकीत हळूहळू पोकळी होते आणि तास-दीड तासाने पंपाला डिझेल ओढवत नाही. २०२० मध्ये लॉकडाऊनला दोन महिने उभी राहिलेली एक गाडी अशीच माझ्याकडे आली होती. भिवंडीहून माल भरून नाशिकला निघायची, आसनगाव सोडलं की मरगळायची आणि कसाऱ्याच्या पायथ्याला बसायची. दहा मिनिटं थांबली की पुन्हा चालायची. दोन ठिकाणी फिल्टर बदलून झाले होते. मी ड्रायव्हरला सांगितलं, पुढच्या वेळी बसली की दुसरं काही करू नको, टाकीचं झाकण उघड. उघडल्यावर "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी घाट चढली. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, एक तार घालून काढलं.

तुम्हीही पुढच्या खेपेला हेच करा. गाडीची ताकद गेली की सुरक्षित जागी, ले-बायमध्ये गाडी लावा, झाकण उघडा, कान द्या. घाटातल्या लेनमध्ये नाही. हे फुकट आहे, पाना लागत नाही.

तिथे काही नाही निघालं तर कॅन टेस्ट. वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात जाळीने गाळलेलं चांगल्या पंपावरचं डिझेल. टाकीकडून येणारी नळी प्री-फिल्टरपाशी सोडा, तिथे नवी होज लावून ती कॅनमध्ये, रिटर्नही कॅनमध्ये. कॅन केबिनच्या बाहेर, चेसिसवर पक्का बांधलेला, सायलेन्सरपासून लांब. हवा काढा आणि मुंब्रा बायपास चढवा. गाडीने ओढलं, तर टाकी, टाकीतली जाळी किंवा नळी, यातलंच काहीतरी आहे आणि पंप निर्दोष सुटला. गेजपेक्षाही माझा या टेस्टवर जास्त भरवसा आहे.

नळी बाहेरून ठीक दिसते म्हणून सोडू नका. जुन्या रबरी होजचा आतला थर सुटतो आणि ओढ वाढली की झडपेसारखा आडवा येतो. आयडलला मोकळा, लोडवर बंद. प्रायमर जर मधल्या रबरी फुग्याचा असेल तर लोडवर तो चपटा होतोय का बघा, चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या अलीकडे. टाकी उघडाल तेव्हा तळाचा गाळ बघा. हायवेलगत "बायोडिझेल" म्हणून जे स्वस्तात मिळतं ते भरलं असेल तर तळाला चिकट साय सापडेल आणि तुमचे दोन फिल्टर इतक्या लवकर का गेले त्याचं उत्तर तिथेच मिळेल. शिवाय आपल्याकडे जूनपासून हवेत पाणी तरंगत असतं. रात्री टाकी अर्धी ठेवली की आतल्या पत्र्यावर दव धरतं. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचा, म्हणजे पाणी वेगळं करणाऱ्या प्री-फिल्टरचा, खालचा स्क्रू रोज सकाळी सोडायचा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. हे ड्रायव्हरचं काम आहे, गॅरेजचं नाही.

आता कायमच्या गेजबद्दल. माझं मत विचाराल तर एका गाडीसाठी कायमचं गेज नको. मेन फिल्टरवर एक टेस्टिंगचं तोंड कायमचं करून ठेवा, त्याला टोपी, आणि गेज टूलबॉक्समध्ये. कमी जोड, कमी कटकट. पण हौस असेल किंवा गाडी सतत घाटातच असेल तर लावा, आणि मग इलेक्ट्रिकचंच लावा. डिझेल बाहेर, सेन्सर चेसिसवर, केबिनमध्ये फक्त तार.

सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. एका जातीचे सेन्सर शून्याला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम देतात. दुसऱ्या जातीचे उलटे, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचं मीटर लावलंत तर इंजिन बंद असताना काटा वर आणि चालू केल्यावर खाली, असा चमत्कार दिसतो. तिसरी जात तीन तारांची, ५ वोल्टवर चालणारी. ती शून्याला अर्धा वोल्ट आणि पूर्ण दाबाला साडेचार वोल्ट देते, म्हणजे १० बारच्या सेन्सरला ५ बारवर मल्टीमीटरने अडीच वोल्ट यायला हवेत. काटा बिघडलाय की सेन्सर, हे शोधायला ओहमवाल्या जातीत सेन्सरची तार काढून बघा. काटा एका टोकाला जायला हवा. तीच तार क्षणभर बॉडीला टेकवली की दुसऱ्या टोकाला. दोन्ही झालं तर मीटर आणि तार ठीक, दोष सेन्सरचा. तीन तारांच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका, जळेल. एका तारेचा सेन्सर अर्थ बॉडीतून घेतो. तो रबरी होजने चेसिसवर आणलात तर त्याला वेगळी अर्थ तार द्या. अर्थ कच्चा असेल तर ब्लिंकर लावल्यावर दाबाचा काटाही टिकटिक करतो. उरणच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अर्थचा बोल्ट दर वर्षी खरवडून ग्रीस लावायचा, हे धरूनच चाला.

तुमची गाडी २४ वोल्टची. मीटर १२चं असेल तर दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ वोल्ट काढायचा मोह टाळा. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात. २४चं मीटर घ्या किंवा कन्व्हर्टर लावा. सप्लाय इग्निशनवरून, २-३ अँपिअरच्या फ्यूजमधून. कंपनीच्या सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) तारेला कातर लावू नका. आणि केबिन उचलली जाते हे विसरू नका. बिजागराजवळ कंपनीची वायरिंग जशी वळण घेऊन गेलीय तशीच आपली तार तिच्याबरोबर न्या, ढील ठेवून. काम झाल्यावर केबिन एकदा सावकाश उचलायची आणि एकाने वाकून तार ताणतेय का बघायचं. हे न केल्यामुळे पहिल्याच ग्रीसिंगला तार तुटलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडून दिल्यात.

सगळं बसलं की इंजिन चालू करा आणि जोडांखाली वर्तमानपत्राचा कागद धरा. बोट फिरवून गळती शोधायची नाही. वीसेक किलोमीटर फिरवून आणून पुन्हा कागद धरा.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आज टी काढून मूळ नळी नव्या क्लिपने जोडा आणि दोन दिवस सकाळची स्टार्टिंग बघा. पुढच्या खेपेला टाकीचं झाकण. मग कॅन. तोवर गॅरेजवाल्याला पंपाला हात लावू देऊ नका. त्यानंतरही गाडी बसत असेल तर गेज तपासून आणा, दोन लावा, आणि चार आकडे लिहून पाठवा: आयडलवरची ओढ आणि दाब, चढावरची ओढ आणि दाब. सोबत चेक लॅम्पचा कोड. तो पी ००८७ असेल, म्हणजे रेलला पुरेसा दाब मिळत नाहीये, तर वर सांगितलेल्या रस्त्यानेच जायचं. दुसरा काही असेल तर त्यावर वेगळं बोलू.